‘कसे आलात?’, ‘कशाने आलात?’ आणि बिचारे ‘हाऊ’

परवा भाचीने मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. कोट-टाय घातलेला एक तरुण, मागे निळा पडदा, त्यावर एक लाल फुली आणि एक हिरवी बरोबरची खूण. लाल फुलीखाली लिहिलेले, ‘हाऊ कॅन आय गो टु द स्टेशन?’ हिरव्या खुणेखाली, ‘हाऊ डू आय गेट टु द स्टेशन?’ तो तरुण बोट नाचवत सांगत होता, "पहिलं वाक्य आजपासून बंद! इंग्रज लोक असं बोलतच नाहीत. असं बोललात तर खेडवळ वाटाल!" दीड मिनिटात खेळ खलास. का बोलत नाहीत, कुठले इंग्रज बोलत नाहीत, या दोन वाक्यांत फरक तरी काय, याबद्दल चकार शब्द नाही. खाली भाचीची टीप, ‘मावशी, किती छान समजावतो ना!’

भाचीबाई, नाही समजावत. आणि खेडवळ वाटण्याची भीती आम्हाला घालू नका. आमच्या गावाच्या नावातच खेड आहे.

मी काही इंग्रजीची पंडिता नव्हे. बी. ए. मराठी माध्यमातून, विषय मराठी, नोकरीही बरीचशी मराठी शिकवण्यात गेली. पण खेड्यातल्या शाळेत शिक्षक कमी आणि तास जास्त असतात, त्यामुळे पाचवी-सहावीचे इंग्रजी वर्षानुवर्षे माझ्याकडे आले. त्यातही ‘प्रवासाची चौकशी’ हा धडा मी इतक्यांदा शिकवला आहे की त्या लाल फुलीने माझे डोकेच फिरले. म्हणून आज हे भांडण. मंडळी, जरा सबुरीने वाचा.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जाण्यायेण्याची चौकशी करणारी ही जी सारखी दिसणारी इंग्रजी वाक्ये आहेत, त्यातली बहुतेक चूकही नाहीत आणि एकमेकांची प्रतिशब्दही नाहीत. प्रत्येक वाक्य वेगळा प्रश्न विचारते. आणि ते सगळे वेगळेपण आमच्या पोरांना आधीपासून ठाऊक असते, कारण मोताळ्याच्या किंवा मलकापूरच्या स्टँडवर ती मराठीत हेच सगळे प्रश्न रोज बिनचूक विचारत असतात. इंग्रजीच्या तासाला मराठीला दाराबाहेर उभे करायचे, आणि मग मुलांना फरक कळत नाही म्हणून फुल्या मारायच्या, हा धंदा बंद व्हायला हवा.

आता त्या दोन वाक्यांचेच पाहू. ‘गो’ म्हणजे निघणे, जाणे. ‘गेट टु’ म्हणजे पोचणे. परक्या गावात वाट विचारणाऱ्याला पोचण्याची काळजी असते, म्हणून तिथे ‘हाऊ डू आय गेट टु’ जास्त ऐकू येते. आपणही नाही का म्हणत, "स्टेशनवर कसं पोचायचं हो?" पण पुराने नाला भरला आहे, एसटी रद्द झाली आहे, तेव्हा आपण काय विचारतो? "आता मलकापूरला कसं जाता येईल?" हा ‘कॅन’चा प्रश्न झाला, मार्ग आहे की नाही, याचा. आणि काळीपिवळीने जाऊ की थांबून एसटीने जाऊ, असा घोळ असेल तर "कसं जावं?" म्हणजे ‘हाऊ शुड आय गो?’ सल्ल्याचा प्रश्न. पोचायचं, जाता येईल, जावं. तीन क्रियापदरूपे, तीन प्रश्न. आमच्या सहावीतल्या कोणत्याही पोरीला विचारा, ती फरक सांगेल. पण तिला मराठीत विचारले पाहिजे ना!

‘बाय व्हॉट’ची गोष्ट सांगते. पाचवीतल्या एका मुलाने वहीत लिहिले होते, ‘बाय व्हॉट डू यू गो टु स्कूल?’ आमच्याकडे तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ती वही सगळ्या वर्गासमोर उंच धरून वाचली आणि हसले. वर्गही हसला, साहेब हसले की हसायचे असते म्हणून. ते पोरगे मान खाली घालून बसले.

अहो, त्याने काय केले होते? त्याने ‘कशाने’चे इंग्रजी केले होते. मराठीला ‘कसे’ आणि ‘कशाने’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. कसे गेलात? घाईने, रडतखडत, मजेत. कशाने गेलात? एसटीने, बैलगाडीने, ॲपेने. दुसऱ्याला आपले व्याकरण करण म्हणते. क्रिया ज्या साधनाने घडते ते करण, आणि त्याची विभक्ती तृतीया. ने, ए, शी, नी, ही. आम्ही वऱ्हाडात ‘कायनं आले?’ म्हणतो, ते हेच. इंग्रजीजवळ या दोन प्रश्नांना मिळून एकच शब्द आहे, ‘हाऊ’. तिथली माणसे संदर्भाने समजून घेतात. म्हणजे त्या पोराने चूक केली नव्हती, आपल्या भाषेतला एक बारीक भेद इंग्रजीत न्यायचा प्रयत्न केला होता, आणि इंग्रजीच्या घरात त्याला जागा नव्हती. त्याला एवढेच सांगायला हवे होते, ‘बाळा, तुझा प्रश्न शहाणा आहे. पण ही भाषा कशाने विचारायलाही हाऊच वापरते.’ एका वाक्याचे काम. त्याऐवजी हशा मिळाला. त्या दिवसापासून त्याने वर्गात इंग्रजी प्रश्न म्हणून विचारला नाही.

बरे, ‘हाऊ’ आणखीही एक सोंग घेते. ‘हाऊ डिड यू कम हिअर?’ म्हणजे कशाने आलात. ‘हाऊ कम यू आर हिअर?’ म्हणजे चक्क ‘का आलात?’ शब्द जवळजवळ तेच. मार्गदर्शक पुस्तकांत दुसरे वाक्य सापडतच नाही, सापडले तर ‘वाक्प्रचार, पाठ करा’ असा शेरा. पण यात पाठ करण्यासारखे काय आहे? आपल्या दारात अवचित पाहुणा आला की आपण म्हणतो, "अरे वा, आज इकडे कसे काय?" त्यावर कुणी "एसटीने" असे उत्तर देते का? नाही देत. ‘कसे काय’मधला ‘काय’ पाहिला की कळते, विचारणारा कारण विचारतोय. एवढे दाखवले की पोरे खुदकन हसतात आणि जन्मात विसरत नाहीत.

आता सगळ्या पुस्तकांतले ते लाडके वाक्य, ‘हाऊ डू यू गो टु स्कूल?’ आणि त्याचे ठरलेले उत्तर, ‘आय गो टु स्कूल बाय बस.’ वर्गातली निम्मी पोरे पायी येणारी, पण उत्तर सगळ्यांचे बाय बस. असो. मुद्दा वेगळा आहे. हे वाक्य रोजची रीत विचारते. शाळेत कशाने जातोस, जात असतोस. ‘हाऊ आर यू गोइंग टु स्कूल टुडे?’ हे आजचे विचारते. गाइडमध्ये दोन्हींच्या पुढे एकच अर्थ छापलेला, ‘तू शाळेत कसा जातोस?’

हा फरक किती खरा आहे ते आम्ही २०२१-२२ मध्ये पाहिले. एसटी कर्मचाऱ्यांचा संप ऑक्टोबरअखेरीस सुरू झाला आणि एप्रिलपर्यंत रेंगाळला. आधीच कोरोनाने शाळा बंद राहिलेल्या, त्या कुठे उघडल्या आणि गाड्या बंद. शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आहे, पण नुसत्या पासावर बसून जाता येत नाही, गाडी लागते. त्या सहा महिन्यांत ‘तू शाळेत कशाने जातेस?’ याचे उत्तर ‘एसटीने’ हेच होते. आणि ‘आज कशाने चाललीस?’ याचे उत्तर रोज नवे. बापाच्या मोटारसायकलवर, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर, काळीपिवळीत कोंबून, नाहीतर ‘चाललीच नाही’. बऱ्याच पोरींचे उत्तर हे शेवटचेच होते. वर्तमानकाळाचे दोन प्रकार शिकवायला यापेक्षा जिवंत उदाहरण कुठल्या पुस्तकात मिळणार होते? पण त्या वर्षीही फळ्यावर ‘आय गो टु स्कूल बाय बस’च असणार, याची मला खात्री आहे.

स्टँडवर तर याहून मजा. आपली माणसे गाडीच्या दाराशी कंडक्टरला काय काय विचारतात ते कधी कान देऊन ऐका. "ही गाडी मलकापूरची का?" पाटी वाचता आली नाही किंवा पाटीच नाही, तेव्हाचा हा प्रश्न. ‘इज धिस द मलकापूर बस?’ "ही मलकापूरला जाते का?" मार्गाची चौकशी. ‘डज धिस बस गो टु मलकापूर?’ "ही मलकापूरला चालली का?" आत्ता, या खेपेला. ‘इज धिस बस गोइंग टु मलकापूर?’ आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा, "मलकापूरला जाईल का?" याचे शब्दाला शब्द ठेवून ‘विल धिस बस गो’ केले की इंग्रजीत ते जरा विचित्र वाटते, जणू गाडीच्या मर्जीचा प्रश्न आहे. इथे मराठीचा भविष्यकाळ आणि इंग्रजीचा ‘गोइंग’ यांची जोडी लावून द्यावी लागते. लावून दिली की झाले.

थांबण्याचेही तसेच. "फाट्यावर थांबते का?" हा वेळापत्रकाचा प्रश्न. ‘डज इट स्टॉप ॲट द फाटा?’ (फाट्याला इंग्रजी शब्द शोधत बसू नका, फाटाच म्हणा, कंडक्टर आपलाच आहे.) आणि जलद गाडी असेल, फाट्यावर थांबा नसेल, तर आपली म्हातारी म्हणते, "दादा, फाट्यावर थांबवशील का?" थांबते आणि थांबवशील. एका ‘व’ने प्रश्न गाडीवरून माणसावर आला. विनंती झाली. इंग्रजीत तिथे ‘कुड यू स्टॉप’ येते. प्रयोजक क्रियापद आम्ही आठवीत नवनीत चोळून शिकवतो आणि त्याचा इंग्रजीच्या तासाला एकदाही उपयोग करत नाही!

वेळेचे तर विचारूच नका. ‘व्हॉट टाइम डज द बस लीव्ह?’ हा प्रश्न भिंतीवरच्या वेळापत्रकाला. ‘व्हेन विल द बस लीव्ह?’ हा चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला. आमच्याकडे दोन्ही मिळून एकच खास प्रश्न आहे, "सहाची गाडी किती वाजता येते?" बाहेरच्याला हा विनोद वाटतो. आमच्यासाठी तो सर्वांत नेमका प्रश्न आहे. सहाची हे गाडीचे नाव, आणि किती वाजता ही खरी चौकशी.

(अवांतर: ‘गाडी लागली का?’ याचे इंग्रजी एकदा करून पाहा. फलाटावर उभी राहिली का, हा एक अर्थ. ओकारी झाली का, हा दुसरा. पुण्याला गेलेल्या आमच्या एका नातेवाइकाला सासूबाईंनी फोनवर विचारले, ‘गाडी लागली का?’ त्याने सांगितले, ‘हो, सिन्नरपर्यंत लागली.’ ज्या भाषेत हा घोळ लीलया निभावला जातो, त्या भाषेच्या लेकरांना ‘टेक’ आणि ‘कॅच’ जड जाते म्हणे.)

‘टेक’ आणि ‘कॅच’ही घ्याच. ‘टेक द बस’ म्हणजे गाडीने जा. ‘कॅच द बस’ म्हणजे गाडी पकड, चुकवू नको. ‘गेट द बस’ म्हणजे गाडी मिळाली. ‘मुक्कामी गाडीने गेलास का?’, ‘मुक्कामी गाडी पकडलीस का?’, ‘मुक्कामी गाडी सापडली का?’ तिन्ही मराठी वाक्ये शेजारी मांडा, तिन्ही इंग्रजी वाक्ये त्यांच्याखाली लिहा, पाच मिनिटांत काम होते. या तिन्हींना ‘तू बस घेतलीस का?’ असे भाषांतर देणारे पुस्तक मी पाहिले आहे. बस घेतलीस का! एसटी महामंडळाकडून की काय?

पण सगळ्यांत मोठा घात ‘हाऊ लाँग’ने केला आहे, आणि त्यात लाल फुलीवाल्यांचे लक्षच नाही. ‘हाऊ फार’ म्हणजे किती अंतर. ‘हाऊ लाँग’ म्हणजे, प्रवासाच्या बाबतीत, किती वेळ. आमच्या पोराच्या कानाला ‘लाँग’ कसे ऐकू येते? लांब! अर्थही जवळचा, आवाजही तोच. मग ते विचारते, ‘हाऊ लाँग इज मलकापूर?’ कारण मराठीत "मलकापूर किती लांब?" हे अगदी शुद्ध आहे. ही चूक आळसाची नाही, हुशारीची आहे; दोन भाषांत जुळणारा आवाज त्याने हेरला. शिक्षकाने आधीच सांगून ठेवायला हवे की हा जुळा भाऊ नाही, नुसता सारखा दिसणारा माणूस आहे. आणि गंमत अशी की खेड्यात अंतराचे उत्तर वेळेतच देतात. "बुलढाणा किती लांब?" तर "लांब कुठलं, दीड तास." तो दीड तासही घाट चढायचा असेल तेव्हाचा. म्हणजे आमचा माणूस प्रश्न ‘हाऊ फार’चा ऐकतो आणि उत्तर ‘हाऊ लाँग’चे देतो. यावर एक झकास तास होऊ शकतो.

आता कुणी म्हणेल, बाई, एवढा कशाला त्रागा? स्टँडवरच्या चार वाक्यांनी कुणाचे काय अडते?

अडते. माझी एक विद्यार्थिनी, शेतमजुराची मुलगी, नर्सिंगचा अभ्यास पुरा करून एका मोठ्या शहरात मुलाखतीला गेली. समोरच्यांनी विचारले, ‘हाऊ विल यू बी कमिंग टु ड्यूटी?’ तिने उत्तर दिले, ‘रेग्युलरली अँड सिन्सिअरली, सर.’ ते हसले. एकाने मराठीत सांगितले, "अहो, बसने की लोकलने?" आणि पुन्हा हसले. ती जागा तिला मिळाली नाही. त्या एका उत्तरामुळेच मिळाली नाही असे मी म्हणत नाही, बाकीही कारणे असतील. पण मला तिने फोनवर जे सांगितले ते नोकरीबद्दल नव्हतेच. ती म्हणाली, "मॅडम, आता स्टेशनवर काही विचारायचं असलं तरी मी विचारत नाही. लोक ज्या बाजूला चालतात त्या बाजूला चालते." कित्येक महिने ती त्या शहरात अशी चालली. कशी येणार या प्रश्नाला तिने ‘नियमित येईन’ असे सांगितले, यात हसण्यासारखे काय होते? ‘कशी’चे ते प्रामाणिक उत्तर होते. तिला कुणी कधी सांगितलेच नव्हते की इंग्रजीत कशी आणि कशाने एकाच पिशवीत असतात, आणि ड्यूटीला येण्याबद्दल विचारले तर बहुधा कशाने विचारले आहे असे समजायचे. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तिने दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकले, पुढे आणखी काही. त्या सगळ्या वर्षांत हे एक वाक्य सांगायला कुणाला वेळ झाला नाही.

आणि त्या ‘नेटिव्ह असे बोलत नाहीत’वाल्यांसाठी हा नमुना. माझा पुतण्या ऑस्ट्रेलियात आहे. पहिल्याच आठवड्यात दुकानदाराने त्याला विचारले, ‘हाऊ यू गोइंग?’ पुतण्या व्याकरणात पक्का. म्हणाला, ‘बाय ट्रेन.’ दुकानदार चक्रावला. तिकडे ‘हाऊ यू गोइंग?’ म्हणजे ‘काय, बरं आहे ना?’ आता हे ऑस्ट्रेलियन नेटिव्ह आहेत की नाहीत? लंडनचा इंग्रज ‘ट्रान्स्पोर्ट’ म्हणतो, अमेरिकन ‘ट्रान्स्पोर्टेशन’ म्हणतो, कुणी कुणाला लाल फुली मारत नाही. फुल्या फक्त आमच्या वाट्याला. आमचे ‘अपडाऊन’ घ्या. आमच्याकडे निम्मे शिक्षक बुलढाण्याहून नाहीतर मलकापूरहून अपडाऊन करतात. ‘मॅडम, तुम्ही इथंच राहता की अपडाऊन करता?’ शब्द दोन्ही इंग्रजी, अर्थ शंभर टक्के आमचा. साहेबाला कळणार नाही हे खरे. तिथे ‘डू यू कम्यूट?’ म्हणायचे. पण त्यासाठी अपडाऊन चूक ठरत नाही. कुठे कुठले नाणे चालते एवढेच शिकवायचे असते.

‘बाय’चेही असेच. ‘बाय बस, बाय ट्रेन’ पाठ झाले की मूल ‘बाय वॉक’ म्हणते, ‘बाय माय ब्रदर्स बाइक’ म्हणते. कारण आमचा ‘ने’ सगळीकडे चालतो: एसटीने, दादाच्या गाडीने. ‘बाय’ मात्र एकट्या नावालाच चिकटतो. पुढे ‘माय’ किंवा ‘द’ आले की ‘इन’ किंवा ‘ऑन’ लागतो. आणि पायी म्हणायचे तर ‘ऑन फूट’. पण पाहा, ‘पायी’मध्येही आपण ‘ने’ लावत नाहीच! पायाने गेलो म्हणत नाही, पायी गेलो म्हणतो. मुलाला हे दाखवून दिले की ‘तुझ्या भाषेतही पायांचा नियम वेगळा आहे, यांच्याही भाषेत वेगळा आहे’, तर ‘बाय वॉक’ आपोआप सुटते. वर आमच्या जिल्ह्यात पायी आणि चालत यांतही फरक आहे. शेगावला पायी गेलो म्हणजे गजानन महाराजांसाठी गेलो. शेगावला चालत गेलो म्हणजे गाडी मिळाली नाही. याचे इंग्रजी मला येत नाही, त्या कोटवाल्या तरुणालाही येणार नाही.

सौजन्याबद्दल सांगते आणि मग मूळ दुखण्याकडे येते. आमची मुले ‘एक्सक्यूज मी’ म्हणत नाहीत, थेट प्रश्न विचारतात, म्हणून उद्धट वाटतात असा एक आक्षेप असतो. अहो, ती ‘काका’ म्हणतात की! "काका, ही गाडी मोताळ्याला जाईल का?" यातला काका हाच आमचा एक्सक्यूज मी. आम्ही आदर नात्यात ठेवतो, इंग्रजी तो क्रियापदात ठेवते: ‘कुड यू टेल मी’. आणि निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललात?’ विचारू नये, अपशकुन होतो, ‘लांब का?’ असे विचारावे, हे आमच्या घरी आजीने शिकवले. निघणारानेही ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. पुढे कळले की इंग्रजीतही अनोळखी माणसाला ‘व्हेअर आर यू गोइंग?’ विचारणे जरा आगाऊच, आणि ‘गोइंग फार?’ हे सौम्य. म्हणजे आजीचे ‘लांब का?’ जसेच्या तसे! शिवाय ‘कुड यू टेल मी’ लावले की पुढच्या प्रश्नाची उलटापालट थांबते. ‘व्हेअर डज द बस स्टॉप’चे ‘व्हेअर द बस स्टॉप्स’ होते. कर्ता आधी, क्रियापद शेवटी. आपल्या ‘गाडी कुठे थांबते’सारखेच. इंग्रजी पुस्तके हे अवघड प्रकरण म्हणून शेवटी ठेवतात. मराठी मुलाला ते सर्वांत सोपे, आधी शिकवायला हवे.

मूळ दुखणे म्हणजे ‘इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचे नाही’ हा दंडक. बी. एड. पासून आमच्या डोक्यात भरलेला, आता गावोगावच्या इंग्रजी शाळांत दंड आकारून पाळला जाणारा. का तर म्हणे मुलांनी इंग्रजीतच विचार करायला शिकावे, नाहीतर जन्मभर भाषांतर करत बसतील. मी हे म्हणणे हसण्यावारी नेत नाही. नुसते भाषांतर घोकल्याने बोलता येत नाही हे आमच्या वडिलांच्या पिढीने तर्खडकरांच्या पाठमाला गिरवूनही अनुभवले. वाचता छान यायचे, तोंड उघडायचे नाही. सराव इंग्रजीतच व्हायला हवा, भरपूर व्हायला हवा. पण फरक समजावणे आणि सराव करणे ही दोन कामे आहेत. वेल्समध्ये काम करणाऱ्या सी. जे. डॉडसन यांनी १९६७ साली द्विभाषिक पद्धतीवर पुस्तकच लिहिले: अर्थ मुलाच्या भाषेत चटकन सांगून टाका आणि उरलेला वेळ नव्या भाषेच्या सरावाला द्या. ‘हाऊ लाँग’चा अर्थ हातवारे करून, चित्रे दाखवून, इंग्रजीतच समजावण्यात वीस मिनिटे घालवायची की ‘किती वेळ, किती लांब नव्हे’ असे सांगून वीस मिनिटे बोलून घ्यायचे? पण आपल्याकडे चित्रे दाखवण्याची पद्धत आधुनिक, आणि मराठीत सांगणारी बाई मागासलेली.

शिवाय मराठी हद्दपार केली तरी ती मुलाच्या डोक्यातून जात नाही. ते मनात भाषांतर करतच असते, फक्त आता एकटे, अंधारात, कुणाला न विचारता. ‘बाय व्हॉट’ आणि ‘हाऊ लाँग इज मलकापूर’ तिथेच जन्माला येतात.

आमचे गाव घाटाच्या पायथ्याशी. १४३७ मध्ये इथे बहमनी आणि खानदेशच्या फौजा भिडल्या, सोळाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा एक लढाई झाली. उत्तरेकडून दख्खनला चढणारी वाट इथून, म्हणून. किती भाषांच्या माणसांनी इथे घाटाची वाट विचारली असेल! फारसी बोलणारे होते, दखनी बोलणारे, तेलुगू, मराठी. कुणीतरी त्यांना वाट दाखवलीच असेल, फुल्या न मारता.

भाचीला मी उत्तर पाठवले आहे, थोडक्यात. तिचा मुलगा सुट्टीत येणार आहे, तेव्हा त्याला घेऊन संध्याकाळी स्टँडवर बसणार आहे, वही-पेन्सिल घेऊन. माणसे काय विचारतात ते जसेच्या तसे मराठीत टिपायचे, मग घरी येऊन प्रत्येकाच्या खाली इंग्रजी. माझ्या हिशोबाने निदान बारा वेगळे प्रश्न मिळतील. वाचकांपैकी कुणी खानदेशातले, कोकणातले, गोव्यातले, बेळगावकडचे असतील तर त्यांच्याकडे ‘कशाने आलात?’ला काय म्हणतात, आणि गाडी ‘लागते’, ‘येते’ की आणखी काही करते, ते कळवा. वहीत पाने पुष्कळ आहेत.